कुंपणाचे खांब
बागेच्या कुंपणाचे बळ त्याच्या नक्षीत नसून जमिनीत पुरलेल्या खांबांत असते. सामान्यतः खांबाच्या लांबीचा एक-तृतीयांश भाग पुरतात; कोपऱ्याचे व फाटकाचे खांब अधिक जाड घेऊन अधिक खोल बसवितात, कारण त्यांवर एकाच बाजूने ओढ असते. लाकडी खांब बहुधा जमिनीच्या पातळीलगत कुजतो. तेथे कवकांना ओलावा व हवा दोन्ही मिळतात. वसई-विरारच्या (जि. पालघर) वाड्यांत मोठा पाऊस व वाळवी यांपुढे असे खांब फार काळ तगत नाहीत. म्हणून कोकणातील वईत (कुंपणात) जिवंत खांब लावण्याची रीत अधिक शहाणपणाची होय. पांगारा, शेवगा किंवा गिरिपुष्प (मूलस्थान मध्य अमेरिका) यांच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या खालून तिरप्या छाटून पावसाळ्याच्या आरंभी सु. ३० ते ४५ सेंमी. खोल पुरतात. फांदी उलटी लागू नये, तसेच मुळे धरेपर्यंत हलू नये. पुढे खोड जाड होत जाते. त्याभोवती घट्ट आवळलेली तार सालीत रुतून बसते. पांगारा उन्हाळ्याच्या तोंडी तांबड्या फुलांनी कुंपणास शोभा आणतो. मात्र २००५ च्या सुमारास भारतात आढळलेल्या गाठमाशीमुळे त्याचे कोंब विद्रूप होत असल्याने नव्या लागवडीस गिरिपुष्प बरे.