केबिन क्रूचे वेतन आणि रोजगार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विमानात प्रवाशांची सुरक्षितता आणि सेवा या दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हवाई वाहतुकीच्या व्यवहारात केबिन क्रू म्हणतात. या नोकरीविषयीची चर्चा बहुधा महिन्याला किती मिळतात या एकाच प्रश्नाभोवती फिरते. परंतु भारत, आखाती देश, युरोप आणि उत्तर अमेरिका येथे वेतनाचा आकडा तर वेगळा असतोच, शिवाय तो आकडा बनण्याची रीतही प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आणि ती समजून न घेता केलेली तुलना तरुण उमेदवारांना महागात पडते. वेतन किती, यापूर्वी ते कशाचे मिळते हे पाहिले पाहिजे.

गैरसमज १ : हे काम मुख्यतः खानपान सेवेचे आहे.

वस्तुस्थिती : कायद्याच्या दृष्टीने केबिन क्रू विमानात असतात ते सुरक्षिततेसाठी, अन्नपेयांची सेवा ही कंपनीने त्यात घातलेली भर आहे. अमेरिकेत आणि भारतातही साधारणतः दर ५० आसनांमागे एक कर्मचारी असावा लागतो, त्यामुळे १८० आसनांच्या विमानात पाण्याचा पेलाही दिला जाणार नसला तरी चार कर्मचारी असणे भाग असते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले, तेव्हा आतील ध्वनियंत्रणा बंद पडली होती आणि आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे उरले होते. तरीही नऊ केबिन क्रूंनी मेगाफोन आणि स्वतःच्या आवाजाच्या बळावर मार्ग दाखवला आणि त्या विमानातील सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. वेतनाची चर्चा करताना हे कौशल्य हिशेबात धरले गेले पाहिजे.

गैरसमज २ : कामावर हजर झाल्यापासून सुटेपर्यंतच्या सर्व वेळेचे वेतन मिळते.

वस्तुस्थिती : उत्तर अमेरिकेत वेतनाचा पाया उड्डाणाचा तास हा असतो. त्याला ब्लॉक अवर म्हणतात. म्हणजे विमान उड्डाणासाठी जागेवरून हलते तेव्हापासून पुढच्या विमानतळावर ते थांबेपर्यंतचा वेळ. त्याआधीचे ब्रीफिंग, सुरक्षा साधनांची तपासणी, प्रवाशांना आत घेऊन त्यांचे सामान वरच्या कप्प्यांत बसवणे, दोन उड्डाणांमधली प्रतीक्षा, हे सारे कामच असले तरी बहुसंख्य कंपन्या दीर्घकाळ त्याचा तासाच्या दराने मोबदला देत नव्हत्या; बेसपासून, म्हणजे नेमणुकीच्या विमानतळापासून, दूर असलेल्या वेळेसाठी मिळे तो केवळ अल्प भत्ता. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याने दिवसात प्रत्येकी दीड तासाची तीन उड्डाणे केली आणि हजेरीपासून सुटकेपर्यंत दहा तास गेले, तर पूर्ण दराचे तास साडेचारच भरतात. म्हणून तासाचा दर ऐकून त्याला कारखान्यातल्या पाळीप्रमाणे आठ तासांनी आणि पंचवीस दिवसांनी गुणणे ही मूलभूत चूक आहे.

या प्रथेविरुद्ध अलीकडे ठोस बदल घडू लागले आहेत. डेल्टा कंपनीने जून २०२२ पासून प्रवासी विमानात चढत असतानाच्या वेळेसाठी निम्म्या दराने मोबदला देण्यास प्रारंभ केला आणि २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या करारातही अशी तरतूद आली. कॅनडात हाच प्रश्न संपापर्यंत गेला : ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन क्रूंनी जमिनीवरील बिनमोबदल्याच्या कामाविरुद्ध काम बंद ठेवले आणि सरकारने कायद्याचा आधार घेऊन कामावर परतण्याचा आदेश आणल्यावरही, तडजोड होईपर्यंत ते मागे हटले नाहीत. भारतात ठरावीक वेतन आणि उड्डाणांनुसार बदलणारे भत्ते असे मिश्रण सामान्यतः आढळते. २५ मार्च ते २५ मे २०२० या काळात देशांतर्गत प्रवासी उड्डाणे थांबली, तेव्हा या बदलत्या भागाचा आधारच नाहीसा झाला होता. ज्यांनी घराचे हप्ते एकूण रकमेवर आखले असतील त्यांच्यासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

गैरसमज ३ : आखातातील वेतन करमुक्त असल्यामुळे तेथील नोकरी सर्वांत चांगली.

वस्तुस्थिती : आखाती कंपन्यांचे आकर्षण खोटे नाही, मात्र त्याची फोड करून पाहिली पाहिजे. दुबईच्या एमिरेट्स कंपनीने अलीकडच्या भरतीत जाहीर केलेल्या माहितीनुसार इकॉनॉमी वर्गातील नवख्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन महिन्याला ४,४३० दिरहॅम आणि उड्डाण भत्ता तासाला ६३.७५ दिरहॅम आहे. महिन्यात ९० तास उड्डाण झाले तर एकूण रक्कम १०,१७० दिरहॅमच्या आसपास, म्हणजे सव्वादोन लाख रुपयांहून अधिक होते. पण तिचा निम्म्याहून अधिक भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. सामायिक निवास आणि कामावर जाण्यायेण्याची वाहनव्यवस्था कंपनीकडून मिळते आणि वैयक्तिक प्राप्तिकर नसतो, त्यामुळे बचतीला खरोखरच मोठा वाव असतो. दुसऱ्या बाजूला, संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटना स्थापन करण्याचा अधिकार नाही, परदेशी कर्मचाऱ्याला सरकारी निवृत्तिवेतन लागू होत नाही, आणि तेथे राहण्याचा परवाना साधारणपणे नोकरीशी जोडलेला असल्याने नोकरी सुटली की मुक्कामही हलवावा लागतो. काही वर्षे नेटाने बचत करू इच्छिणाऱ्याला ही रचना अनुकूल आहे. आयुष्यभराची नोकरी शोधणाऱ्याला ती तितकीशी अनुकूल नाही.

युरोपात याच्या उलट चित्र दिसते. तेथे वेतनातून कर आणि सामाजिक सुरक्षेचा वाटा कापला जातो, परंतु आजारपण, प्रसूती आणि निवृत्ती यांचे संरक्षण त्यातूनच उभे राहते. हे संरक्षण कोणत्या देशाच्या कायद्याने मिळावे यावरही तेथे झगडा झाला. बेल्जियममधील शार्लरवा विमानतळावर नेमलेल्या, आयर्लंडच्या रायनएअर कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या करारांत आयर्लंडच्या न्यायालयांचे अधिकारक्षेत्र लिहिलेले होते; १४ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केले की कर्मचारी नेहमीच्या कामाच्या ठिकाणच्या न्यायालयात दाद मागू शकतो आणि ते ठिकाण ठरवताना त्याच्या बेसला महत्त्व आहे.

गैरसमज ४ : पात्रता असेल तर अमेरिकेतील किंवा युरोपातील कोणत्याही कंपनीत अर्ज करता येतो.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये केबिन क्रूच्या वार्षिक वेतनाचा मध्यक, म्हणजे निम्मे कर्मचारी ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली असतात तो आकडा, ६८,३७० डॉलर होता. परंतु तेथील कंपन्या सामान्यतः त्या देशात काम करण्याचा कायदेशीर हक्क आधीच असलेल्यांनाच घेतात. युरोपीय संघातही तसेच आहे. म्हणून या संधी तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील तरुणांसाठी खऱ्या आहेत, मुंबई-पुण्याहून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी बहुधा नाहीत. शिवाय मध्यक हे प्रारंभीचे वेतन नव्हे. अमेरिकेत वेतन, मार्ग आणि सुट्ट्या ज्येष्ठतेनुसार ठरतात, आणि नवख्यांना बऱ्याचदा राखीव यादीत, म्हणजे बोलावणे येताच हजर होण्याच्या तयारीत, राहावे लागते.

गैरसमज ५ : खासगी संस्थेचा महागडा अभ्यासक्रम केला की नोकरी निश्चित.

वस्तुस्थिती : भारतात या नोकरीसाठी किमान १८ वर्षे वय आणि बारावी उत्तीर्ण एवढीच पायाभूत अट असते, उंची, वजन, भाषा आणि वयोमर्यादा यांच्या अटी कंपनीनुसार बदलतात. आग विझवणे, पाण्यावर उतरल्यानंतरची कृती, प्रथमोपचार, विशिष्ट जातीच्या विमानाचे दरवाजे उघडणे हे आवश्यक प्रशिक्षण निवडीनंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यतेनुसार दिले जाते. खासगी अभ्यासक्रमातून इंग्रजी संभाषण आणि मुलाखतीची तयारी सुधारू शकते, पण त्याचे प्रमाणपत्र या प्रशिक्षणाची जागा घेत नाही. नोकरीची हमी देऊन लाखो रुपये मागणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहिलेच पाहिजे.

गैरसमज ६ : लग्नानंतर किंवा तिशीनंतर ही नोकरी संपते.

वस्तुस्थिती : हा समज एका जुन्या वास्तवातून आला आहे. एअर इंडियाच्या पूर्वीच्या नियमांनुसार हवाई सेविकेला वयाच्या ३५ व्या वर्षी, पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, किंवा पहिल्या गर्भधारणेनंतर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हावे लागे. १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भधारणेची अट रद्द केली, विवाहाची मात्र वैध ठरवली. पुढील बदलांना आणखी काळ आणि कर्मचाऱ्यांची चिकाटी लागली. सिंगापूर एअरलाइन्सने तर गर्भवती कर्मचाऱ्यांना जमिनीवरील काम देऊन नोकरीत ठेवण्याचे धोरण २०२२ मध्ये स्वीकारले. अमेरिकेत उच्च वयोमर्यादा नाही; १९५७ मध्ये या व्यवसायात आलेल्या बेट्टी नॅश वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही काम करत होत्या.

गैरसमज ७ : विमानांच्या प्रचंड मागण्या नोंदवल्या गेल्यामुळे भारतात नोकऱ्यांची शाश्वती आहे.

वस्तुस्थिती : दर ५० आसनांमागे एक कर्मचारी या नियमामुळे विमानांची वाढ म्हणजे रोजगाराची वाढ, हे सूत्र बरोबर आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्याच वर्षी गोव्यात मोपा येथून आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली. मात्र ही विमाने अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात, आणि क्षेत्र वाढत असतानाही कंपन्या बुडतात : जेट एअरवेजची सेवा एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये बंद पडली.

त्यामुळे नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी उमेदवाराने चार गोष्टी लेखी स्वरूपात तपासाव्यात : ठरावीक वेतन किती आणि उड्डाणांवर अवलंबून किती, कोणत्या तासांचा मोबदला मिळणार नाही, निवास व प्रशिक्षणाचा खर्च कोणावर आणि नोकरी लवकर सोडल्यास त्याची वसुली होते का, आणि वाद उद्भवल्यास कोणत्या देशाचा कायदा लागू होईल. कष्ट, जोखीम आणि कौशल्य यांचे हे काम योग्य मोबदल्यास पात्र आहे, आणि तो मागण्याचे बळ करार नीट वाचण्यापासूनच मिळू लागते.