तपासणी सगळ्यांचीच हवी

गरोदरपणाची नाव-नोंदणी करताना बाईचं जे रक्त घेतलं जातं, त्यातल्या हिमोग्लोबिनबद्दल, रक्तगटाबद्दल, साखरेबद्दल घरात मोकळेपणानं बोललं जातं. त्याच रक्तावर एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ‘ब’ यांच्याही तपासण्या होतात, त्यांचं मात्र नाव निघत नाही. निघालंच तर ‘आमच्या घरात असलं काही नाही’ एवढ्यावर विषय संपतो. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या दाटीच्या कामगार वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं असतात आणि कोण कशासाठी दवाखान्यात गेलं हे शेजाऱ्यांना कळायला वेळ लागत नाही. तिथे हे वाक्य अब्रूच्या काळजीतून येतं, हे समजण्यासारखं आहे. पण वैद्यकाच्या कसोटीवर ते टिकत नाही आणि त्याची किंमत पोटातल्या बाळाला मोजावी लागते.

सिफिलिसचंच पाहा. जुनी माणसं या रोगाला ‘गरमी’ म्हणत. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात तो ‘फिरंग’ या नावानं येतो, म्हणजे परक्यांनी आणलेला रोग. रोग नेहमी दुसऱ्याचा असतो, ही समजूत इतकी जुनी आहे. याचा पहिला व्रण दुखत नाही. बाईच्या शरीरात तो बहुधा दिसतही नाही आणि काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्यानंतर रोगाचे जंतू रक्तात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतात. बाई धडधाकट दिसते, घरचं-बाहेरचं सगळं काम करते आणि जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतात. उपचार झाले नाहीत तर अशा गरोदरपणांपैकी जवळपास निम्म्यांचा शेवट वाईट होतो: गर्भपात, मृत बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ किंवा हाडं, यकृत, कान यांत दोष घेऊन आलेलं मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात जगभरात सुमारे 7 लाख बाळांना आईकडून हा रोग लागला. या सगळ्यावरचं औषध आहे बेंझाथिन पेनिसिलीन, एका वेळी 24 लाख युनिट. संसर्ग ताजा असेल तर एकदा आणि जुना किंवा कधीचा ते ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा. बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी हे उपचार सुरू झाले तर बाळ बहुतेक वेळा वाचतं. इतका जुना, स्वस्त आणि खात्रीचा इलाज हाताशी असताना एखादं मूल या रोगानं दगावावं, याला मी दुर्दैव म्हणणार नाही. ती आपली कसूर आहे.

लक्षणं दिसतील तेव्हा तपासू, किंवा ‘तसल्या’ बायकांना तपासू, हा मार्ग इंग्रज सरकारनं आजमावून पाहिला होता. 1868 साली सांसर्गिक रोगांचा कायदा करून मुंबईसारख्या शहरांत वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांवर नोंदणी आणि तपासणीची सक्ती झाली. पुरुषांना कुणी हात लावला नाही. बायका या जाचापासून पळ काढत राहिल्या, विरोध वाढला आणि 1888 मध्ये तो कायदा गुंडाळावा लागला. संशयावर उभारलेल्या तपासणीत रोग निसटतो आणि मागे फक्त शिक्का उरतो. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची, कुणालाही न निवडता, तपासणी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. नाव सगळ्यांचंच असेल तर नाव खराब कुणाचं होणार?

यावर एक आक्षेप खर्चाचा येतो. आपल्याकडे हजार गरोदर बायकांमागे सिफिलिस साधारण एखादीला आढळतो, एचआयव्ही दोघी-तिघींना. मग उरलेल्यांना टोचायचं कशाला? पण रक्त तर हिमोग्लोबिनसाठी घ्यायचंच असतं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींचं उत्तर तासाभराच्या आत देणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. उलट बाजूनं पाहिलं तर एचआयव्ही असलेल्या आईला औषध मिळालं नाही तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. औषधानं हा आकडा पाचाच्या खाली येतो. कावीळ ‘ब’ जन्माच्या वेळी लागली तर दहांतल्या नऊ मुलांत ती कायमची ठाण मांडते, म्हणून पहिली लस जन्मानंतर 24 तासांत द्यायची असते. सर्वांची तपासणी आणि वेळेवर उपचार यांच्या बळावर श्रीलंकेनं 2019 मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिसचा प्रसार रोखल्याची जागतिक मान्यता मिळवली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. तपासणी बाईची आधी होते म्हणून दोषही तिच्याच माथी येतो. सासरी छळ, माहेरी पाठवणी, कधी संसार मोडणं, या भीतीनं बायका तपासणी टाळतात. या भीतीवर उपाय तपासणी थांबवण्याचा नाही, ती करण्याची रीत सुधारण्याचा आहे. रोग कुणाला आधी लागला हे रक्ताचा अहवाल सांगत नाही. गरोदरपणामुळे ती दवाखान्यात पोचली आणि नवरा पोचला नाही, एवढाच दोघांतला फरक असतो. म्हणून नवऱ्याची तपासणी त्याच दिवशी, त्याच समुपदेशकासमोर व्हायला हवी. त्याला सिफिलिस असून इंजेक्शन मिळालं नाही तर तिला पुन्हा लागण होऊ शकते. सिफिलिसची पहिली चाचणी गरोदरपणात क्वचित खोटी पॉझिटिव्ह येते, तेव्हा दुसऱ्या चाचणीनं पडताळा हवा. मात्र त्यासाठी इंजेक्शन लांबवू नये. एचआयव्हीबाबत तर 2017 चा कायदाच सांगतो की संमतीशिवाय चाचणी करायची नाही, अहवाल गुप्त ठेवायचा आणि रुग्णाशी भेदभाव करायचा नाही. बाईला हा हक्क तोंडी सांगितला गेला पाहिजे. कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असं होत नाही.

खरी गळती वेगळ्याच ठिकाणी आहे. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी, ती पाचव्या-सहाव्या महिन्यात होते, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. मग इथला अहवाल इथेच राहतो आणि तिथला डॉक्टर कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो. अंगावरून पांढरं जाणं ‘बायकांचं असतंच’ म्हणून सांगितलंच जात नाही. पेनिसिलीनच्या रिअ‍ॅक्शनच्या धास्तीनं काही डॉक्टर दुसऱ्या गोळ्या देतात, पण गरोदर बाईच्या बाळापर्यंत पोचून त्याला खात्रीनं वाचवणारं औषध हेच एक आहे. अंबरनाथचं छाया रुग्णालय आणि उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय या परिसराच्या हाताशी आहेत. 9 ऑक्टोबर 2024 रोजी अंबरनाथच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचंही उद्घाटन झालं. या संस्थांनी नवऱ्यांसाठी कामाच्या वेळेनंतरची तपासणी ठेवली, तर बुवापाड्यातला कारखान्यात जाणारा माणूसही रांगेत दिसेल.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ‘ब’ यांचे रकाने भरलेत का, ते आज पाहा. रिकामे असतील तर आशाताईंना विचारा. माहेरी जाताना ते कार्ड पिशवीत ठेवा, आणि पुढच्या 9 तारखेला नवऱ्यानंही सोबत जावं.