पिवळ्या दिव्याची कैफियत

न्यू जर्सीतील एडिसन गावी पुतण्याकडे आमचा मुक्काम असताना, एका रविवारी सकाळी, काकूंना रस्त्याची शोभा नीट दिसावी या सद्भावनेने त्याने आपल्या मोटारीचे पुढचे आसन आमच्या सौभाग्यवतींना देऊ केले. त्या स्थानापन्न झाल्या, पट्टा बांधला, आणि गाडी रस्त्याला लागते न लागते तोच डॅशबोर्डाच्या मध्यभागी एक छोटासा पिवळा दिवा पेटून त्यात ‘पॅसेंजर एअर बॅग ऑफ’ अशी अक्षरे उमटली. पुतण्या म्हणाला, “काकू, जरा मागे टेकून बसा.” त्या टेकून बसल्या, दिवा ढिम्म. “पाय सरळ ठेवा बरं.” ठेवले, दिवा ढिम्मच. अखेर त्याने संकोचत खुलासा केला की, आसनाखाली वजन जोखणारे यंत्र असते, आणि त्याच्या हिशेबी काकू अद्याप लहान मुलांत मोडतात. एकतीस वर्षे शाळेत अध्यापन करून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि चव्वेचाळीस किलो वजनाच्या त्या बाईंनी या निवाड्याविरुद्ध जे काही सुनावले ते येथे उद्धृत करीत नाही. पण मोटारीसारख्या जड वस्तूने माणसाचे वय ठरवावे आणि तेही चुकीचे ठरवावे, या प्रकाराने माझे कुतूहल मात्र जागे झाले, आणि परतल्यावर त्या दिव्याची वंशावळ धुंडाळण्यात मी बरेच दिवस घालवले.

ती वंशावळ एका लहान मुलीपासून सुरू होते. १९५२ च्या वसंत ऋतूत पेन्सिल्व्हेनिया संस्थानातील जॉन हेट्रिक नावाचे गृहस्थ पत्नी व सात वर्षांच्या कन्येसह मोटारीने फिरावयास निघाले असता, रस्त्यात पडलेला दगड चुकविताना त्यांची गाडी बाजूच्या चरात गेली, आणि पुढच्या आसनावर आपल्या दोघांमध्ये बसलेल्या मुलीचे डोके समोर आपटू नये म्हणून आईबापांचे हात एकाच क्षणी आडवे झाले. कोणालाही इजा झाली नाही. परंतु ते आडवे आलेले हात हेट्रिकांच्या मनातून जाईनात. नौदलातील नोकरीत असताना, दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर टॉर्पेडोवरील कॅनव्हासचे आच्छादन छतापर्यंत उडालेले त्यांनी पाहिले होते. त्या दोन स्मृतींच्या मिलाफातून, आघाताच्या क्षणी आपोआप फुगणाऱ्या उशीचा आराखडा तयार झाला आणि १८ ऑगस्ट १९५३ रोजी त्याचे पेटंट त्यांना मिळाले. जर्मनीत वाल्टर लिंडरर यांनीही त्याच सुमारास तशाच कल्पनेवर हक्क नोंदविला होता. पेटंटाची सतरा वर्षांची मुदत सरली तरी कोणा कारखानदाराने हेट्रिकांना छदामही दिला नाही, ही गोष्ट संशोधकांच्या नशिबी नित्य येणारी असल्याने तिच्यावर थांबत नाही. थांबावे असे वाटते ते इतक्यासाठी, की ही उशी जन्मली तीच पुढच्या आसनावरील मुलाकरिता. पुढे तिने जे केले ते पाहता हा योगायोग मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

कारण मधल्या काळात ती उशी कायद्याच्या हाती गेली. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७६ या वर्षांत सुमारे १०,००० मोटारी एअरबॅगसह विकून पाहिल्या व मग तो नाद सोडला. मर्सिडीजने ऐंशीच्या दशकारंभी आपल्या उंची गाडीत ती पुन्हा आणली. आणि वॉशिंग्टनमध्ये या विषयावर नियम काढणे, स्थगित करणे, रद्द करणे आणि न्यायालयाने ते रद्द करणे चुकीचे ठरविणे, असा खटाटोप चालत राहून शेवटी १९९१ च्या कायद्यान्वये १९९८ सालच्या मॉडेलपासून प्रत्येक प्रवासी मोटारीत चालक व त्याच्या शेजारचा प्रवासी अशा दोघांसाठी एअरबॅग सक्तीची झाली. या सर्व काथ्याकुटात एक गोष्ट निमूटपणे गृहीत धरली गेली होती. त्या काळी अमेरिकेत पट्टा बांधणारे लोक फारच थोडे असल्याने, पट्टा न बांधलेल्या माणसाला वाचविणे हाच एअरबॅगचा धर्म मानला गेला, आणि तिची परीक्षा घेण्यासाठी जो पुतळा बसविण्यात येई तो होता मध्यम बांध्याचा, सुमारे ७८ किलो वजनाचा, पट्टा न बांधलेला प्रौढ पुरुष. ताशी ३० मैल वेगाने भिंतीवर आदळताना त्याची छाती व डोके सांभाळले गेले की उशी उत्तीर्ण! असा ऐवज पुढे झेपावत असताना, पापणी लवायच्या आत त्याला गाठून अडवायचे, तर उशीचा फुगारा किती प्रचंड असावा लागेल हे सांगणे नलगे. शिंप्याने एका धिप्पाड गिऱ्हाइकाचे माप घ्यावे आणि त्याच मापाचे अंगरखे सबंध गावाला सक्तीने घालावेत, तसा हा मामला झाला. फरक इतकाच, की या अंगरख्याच्या बाहीत स्फोटक भरलेले होते.

लहान मुलांना ही उशी घातक ठरेल, अशी भीती कारखान्यांतील अभियंत्यांनी सत्तरच्या दशकातच बोलून दाखविली होती. त्यांचे बोलणे टाळाटाळीचा बहाणा म्हणून दुर्लक्षिले गेले, आणि बहाणेबाजी त्यांनी इतर बाबतींत पुष्कळ केलेली असल्याने त्यात नवल नव्हते. १९९३ पासून मात्र वार्ता येऊ लागल्या. किरकोळ टक्कर, जिच्यात गाडीचा बंपर चेपावा आणि माणसांनी उतरून एकमेकांशी हुज्जत घालावी, अशा टकरीत पुढच्या आसनावरचे मूल दगावू लागले: पट्टा नसल्याने ब्रेक लागताच ते पुढे सरके आणि नेमके उशीच्या तोंडाशी जाई, तान्हे मूल पाठमोऱ्या पाळण्यात असेल तर त्या पाळण्याची पाठ डॅशबोर्डापासून चार बोटांवर असे, आणि उशीचा सगळा प्रहार तिच्यावर होई. अमेरिकेतील हमरस्ता-सुरक्षेचे संशोधन करणाऱ्या विमासंस्थेच्या नोंदीनुसार १९९० ते २००८ या काळात, कमी वेगाच्या अपघातांत एअरबॅगनेच घेतलेले असे २९० हून अधिक बळी झाले, आणि त्यांतील बहुतेक लहान मुले व अर्भके होती. त्याच एअरबॅगने २०१७ पर्यंत ५०,००० हून अधिक प्राण वाचविले, असा सरकारी अंदाज आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे हे वाचकाने पाहावे म्हणून दोन्ही आकडे देतो, एकाने दुसरा पुसला जावा म्हणून नव्हे.

आता सरकारी दप्तर जागे झाले. १९९६ च्या नोव्हेंबरात हुकूम निघाला की, प्रत्येक नव्या गाडीच्या सनव्हायझरवर ठळक रंगीत ताकीद चिकटवावी. १९९७ च्या मार्चात उशीचा जोर घटविण्यास मुभा मिळाली. आणि १९९८ च्या जानेवारीपासून एअरबॅग बंद करणारी कळ बसविण्याची परवानगी देण्यात आली. ही परवानगी मागण्याचा प्रकार मोठा मासलेवाईक होता. पाठमोरा पाळणा पुढेच ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, बारा वर्षांपर्यंतचे मूल पुढे बसवावेच लागते, विशिष्ट व्याधी आहे, किंवा सुकाणूपासून दहा इंच अंतर राखणे शक्य नाही, यांपैकी एक कारण स्वतःच्या सहीनिशी नमूद करून वॉशिंग्टनच्या कचेरीत अर्ज गुदरावयाचा, आणि ती मंजूर करील तेव्हा गॅरेजवाल्याने कळ बसवावयाची! ज्या वस्तूची सक्ती सरकारने केली, तिच्यापासून आपले मूल वाचविण्यासाठी त्याच सरकारकडे अर्जविनंती करण्याचा हा प्रसंग पेशवाईतल्या एखाद्या कारकुनालाही मानवला असता.

यावर कायमचा तोडगा म्हणून २००० च्या मे महिन्यात जो नियम जाहीर झाला, त्याच्या पोटी आमचा पिवळा दिवा जन्मास आला. २००३ च्या सप्टेंबरपासून तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या या नियमाने पुतळ्यांचे एक कुटुंबच उभे केले: एक वर्षाचे अर्भक, तीन वर्षांचे व सहा वर्षांचे मूल, आणि सुमारे ४९ किलो वजनाची ठेंगणी स्त्री. मुले बसली तर उशीने एक तर फुगूच नये, नाहीतर इजा होणार नाही इतक्या बेताने फुगावे. ही बाई बसली तर उशीने सज्ज असावे. आणि उशी निजविलेली असेल तेव्हा तसे सांगणारा पिवळा दिवा पुढच्या दोघांनाही दिसेल असा लागावा. बहुतेक कारखानदारांनी उशी निजविण्याचा मार्ग पत्करला. म्हणजे पुढच्या आसनाला तराजू होणे भाग पडले. कोणी गादीखाली सिलिकोन द्रवाने भरलेली पिशवी ठेवून तिच्यातला दाब मोजू लागले, कोणी आसनाच्या चौकटीच्या पायांत ताण मोजणारी उपकरणे बसविली, कोणी दाब ओळखणारी चटई अंथरली, तर कोणी विजेच्या सूक्ष्म क्षेत्रावरून गादीवर माणसाचे शरीर आहे की निर्जीव पाळणा हे ताडू लागले. शिवाय पाळणा बांधताना पट्टा करकचून आवळला जातो, त्या ओढीने पारडे जड भासते, म्हणून पट्ट्याची ओढ मोजून ती वजा करण्याचीही तजवीज झाली.

पण सहा वर्षांच्या पुतळ्याचे वजन सुमारे २३ किलो आणि त्या ठेंगण्या बाईचे ४९. यांच्या दरम्यान जो विस्तीर्ण मुलूख पसरला आहे, त्यात रेघ नेमकी कोठे ओढावी हे प्रत्येक कारखानदार आपापल्या अदमासाने ठरवितो, आणि त्या मुलुखात अकरा वर्षांची मुले, सडपातळ तरुणी आणि आपल्याकडील कितीतरी आज्या सुखेनैव नांदत असतात. त्यातही आसन म्हणजे वाण्याचा काटा नव्हे. प्रवासी दाराच्या टेकणीवर रेलला, पुढे सरकून बसला, मागच्याने गुडघ्यांनी आसन उचलून धरले, गादीवर जाड आच्छादन घातले किंवा ती भिजली, की वजनाचा हिशेब बिघडतो. दुरुस्तीसाठी आसन काढून परत बसविले तर काटा पुन्हा शून्यावर आणावा लागतो, आणि ते राहून गेले तर आडदांड गृहस्थही बालक ठरतात. यंत्राच्या या घोटाळ्याचे मोल हलके नाही. निसानने २०१४ साली अमेरिकेत सुमारे १० लाख आणि २०१६ साली ३० लाखांहून अधिक गाड्या परत बोलाविल्या, त्या पुढे प्रौढ मनुष्य बसलेला असूनही आसन रिकामे किंवा मुलाचे समजून एअरबॅग निजत असे म्हणून. आणि होंडाने २०२४ च्या फेब्रुवारीत सुमारे साडेसात लाख गाड्या बोलाविल्या, त्या नेमक्या उलट कारणाने, म्हणजे वजनकाट्यातला एक भाग तडकल्यास, निजायला हवी तेव्हा उशी जागी राहील या भीतीने. युरोपीय पद्धत याहून साधी आहे: डॅशबोर्डाच्या कडेला किल्लीने फिरणारी कळ, सनव्हायझरवर चित्ररूप ताकीद, आणि जबाबदारी माणसाची. किल्ली फिरविण्यास विसरणारा माणूस अधिक भरवशाचा की वजनाच्या अदमासात चुकणारे आसन, हा प्रश्न मला वाटतो तितका सोपा नाही; मात्र कळ फिरविणाऱ्याला दिवा का लागला हे ठाऊक असते, आणि आमच्या पुतण्याला ते माहितीपुस्तक उघडून वाचावे लागले होते. दिव्याविषयी माझी खरी तक्रार आहे ती ही. तो निकाल देतो, कारण देत नाही.

कारण न देणाऱ्या ताकिदीचे लोक काय करतात, याचा एक दाखला अमेरिकेच्याच इतिहासात आहे. १९७४ सालच्या मॉडेलांत पुढच्यांनी पट्टे बांधल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ नये अशी सक्ती करण्यात आली. आसनावर वाणसामानाची पिशवी ठेवली किंवा कुत्रा बसला, तरी गाडी त्यांच्या पट्ट्यासाठी अडून बसे. लोक इतके खवळले की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकी संसदेने ही सक्ती तर मोडून काढलीच, पण पट्ट्याची घंटी आठ सेकंदांहून अधिक वाजविण्याची सक्ती करण्यासही सरकारला कायद्याने मज्जाव केला. तो मज्जाव २०१२ पर्यंत टिकला.

आपल्याकडे हा इतिहास उशिरा आणि घाईने अवतरला. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग व पुढच्या दोघांच्या पट्ट्यांची घंटी सक्तीची झाली, शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून आणि जुन्यांना त्या वर्षाच्या अखेरीस. लोकांनी उत्तर शोधले: पट्ट्याच्या खाचेत अडकविण्याची धातूची क्लिप, जिने पट्टा न बांधताच घंटी गप्प होते. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना फर्मावल्यावर अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरविल्या गेल्या. त्याच वेळी जाहीर झालेल्या आकड्यांनुसार २०२१ या एका वर्षात पट्टा न बांधल्यामुळे आपल्या देशात १६,००० हून अधिक माणसे मेली होती. एअरबॅगला पट्टा पूरक असतो, पर्याय नव्हे. क्लिप लावणारा गृहस्थ सत्तरच्या दशकातल्या त्या बिनपट्ट्याच्या पुतळ्याची भूमिका स्वखुशीने पत्करतो, आणि त्याच्या शेजारी मांडीवर पोर घेऊन बसलेली असते ती त्याची बायको. २०२४ च्या डिसेंबरात नवी मुंबईत, पुढे बसलेला एक सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्याने गेला. हेट्रिकांच्या मुलीहून तो एका वर्षाने लहान होता.

गेल्या महिन्यात आम्ही लोणंदहून पुण्यास परतत होतो. एडिसनच्या अनुभवापासून सौभाग्यवती मागेच बसतात. पुढच्या आसनावर मी दहा किलो कांद्यांचे पोते ठेवले होते, आणि आमच्या गाडीच्या साध्याभोळ्या आसनाने त्यालाच माणूस समजून घंटीचा असा तगादा लावला की, नीरेचा पूल ओलांडल्यावर मी गाडी बाजूला घेऊन पोत्याला पट्टा बांधला. घंटी थांबली. मागून आवाज आला, “अहो, तिकडे मी चव्वेचाळीस किलोची असून मूल, आणि इकडे हे दहा किलोचं पोतं प्रौढ!”