तपकिरी डागाची गोष्ट

रावेर-यावलकडच्या बागेत केळीचे घड वाहणाऱ्या माणसाचा शर्ट बघा. खांद्यावर चिकाचे तपकिरी डाग, कितीही धुवा, जात नाहीत. त्याची कंबर धरली की सगळे एकच सांगतात, "गादी सरकली असेल." पण कमरेत नुसती गादी नसते. दोन मणक्यांच्या मध्ये पुढे गादी, तर मागे डावा-उजवा असे दोन चिमुकले सांधे. गुडघ्यासारखेच, आतून नाजूक अस्तर आणि त्यात वंगण.

फार म्हणजे फारच क्वचित, या अस्तरावरही तपकिरी डाग पडतात. अस्तर जाड होतं, त्याला झालर फुटते, गाठी धरतात. हा कॅन्सर नव्हे. न्यूयॉर्कच्या जॅफी, लिश्टेनस्टाइन आणि सुत्रो या डॉक्टरांनी १९४१ मध्ये या आजाराला लांबलचक नाव दिलं, पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस. तो सहसा गुडघ्यात सापडतो, मणक्यात विरळाच.

डाग कसला? रक्ताचा. झालरीतून थोडं थोडं रक्त झिरपतं आणि त्यातलं लोह पेशींत साठत जातं. एमआरआयच्या चुंबकाला हे लोह लगेच जाणवतं, म्हणून गाठ चित्रात काळीकुट्ट दिसते.

खरी गंमत पुढे आहे. गाठीतल्या बहुतेक पेशी निर्दोष असतात! बिघाड असतो मूठभर पेशींत. त्यांच्यातला सीएसएफ-१ हा जनुक बहुधा तुटून भलत्याच जागी जोडला गेलेला असतो, आणि त्या "या, या" अशी हाकाटी करणारं प्रथिन सोडत राहतात. शरीरातल्या भक्षक पेशी हाकेला ओ देऊन गोळा होतात, काही तर एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या महापेशी बनतात. हे कोडं २००६ मध्ये उलगडलं. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पेक्सिडार्टिनिब हे औषध या भक्षक पेशींचे कानच बंद करतं. यकृताला त्याचा धोका असल्याने मंजुरी मिळाली ती जपून, शस्त्रक्रियेने भागणार नाही अशांपुरतीच.

कमरेतली गाठ वाढली की शेजारची नस दाबते आणि कळ थेट पायात उतरते. मग शस्त्रक्रिया. गाठीचा अंश मागे राहिला, तर ती पुन्हा धरू शकते.

काढलेल्या गाठीचा पातळ काप प्रयोगशाळेत काचपट्टीवर ठेवून लोह ओळखणारं रसायन टाकतात. भिंगाखाली तपकिरी ठिपके बघता बघता निळे होतात.