रात्री तीनची जागा

साइट नंबर 27 मला फोटोतच आवडली होती. तीन बाजूंनी पाइनची झाडं, चौथ्या बाजूला पाणी, मधे लाकडी टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं. बाबा तिच्या मधोमध जाऊन उभे राहिले, जरा वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "इथं नको गं. इथून पाणी जातंय."

पाणी कुठेच नव्हतं. जमीन खडखडीत कोरडी होती. त्यांनी बुटाच्या टोकाने दाखवलं. पाइनच्या वाळक्या सुया सगळीकडे विखुरलेल्या होत्या, पण टेबलाच्या मागून निघून तंबूच्या चौकोनापर्यंत त्यांचीच एक जाड, वाकडी रेघ उमटली होती. कुणी खराट्याने ओढून आणावी तशी. पाण्याने आणून सोडलेला केर होता तो. बाबा कराडचे, 34 वर्षं पाटबंधारे खात्यात. प्रीतिसंगमावर पूर ओसरला की काटक्या कुठवर अडकल्यात ते बघून पाणी किती चढलं होतं ते सांगणारे. अमेरिकेत येऊन त्यांना पंधरा दिवस झाले होते आणि अलाबामाच्या या कोपऱ्यात जेमतेम दहा मिनिटं.

आम्ही हंट्सव्हिलला राहतो. आधी नुसता तंबू होता. चार वर्षांपूर्वी जुना, 22 फुटी ट्रेलर घेतला. ट्रेलरमध्ये आम्ही आणि आलेले पाहुणे, बाहेर तंबूत लेक आणि तिची मैत्रीण, असा आमचा संसार. म्हणजे जागा दोघांना चालेल अशी हवी. ट्रेलरला वीज, पाणी आणि सपाट जमीन. तंबूला मऊ माती, सावली आणि निचरा. या दोन याद्या एका साइटवर क्वचित जुळतात.

पहिली दोन वर्षं मी फोटो बघून जागा निवडायचे. कॅम्पग्राउंडचे फोटो संध्याकाळी पाचचे असतात. तिरपं सोनेरी ऊन, शांत पाणी, रिकामी खुर्ची. त्या जागेचं खरं रूप कळतं रात्री तीनला, आणि तेव्हा कुणी फोटो काढत नाही. एका खासगी आरव्ही पार्कमध्ये आम्ही हे शिकलो. फुलांचे वाफे, पोहण्याचा तलाव, पांढरंशुभ्र कुंपण. कुंपणामागे रेल्वेचा रूळ आणि जरा पुढे रस्त्याचं फाटक. अमेरिकेत बहुतेक फाटकांआधी मालगाडीला भोंगा वाजवावाच लागतो: दोन लांब, एक आखूड, एक लांब. त्या रात्री पाच गाड्या गेल्या. दक्षिणेतली बरीचशी छोटी गावं रुळाच्या कडेनेच वाढली आहेत. तेव्हापासून मी आधी उपग्रहाचा नकाशा उघडते आणि रूळ शोधते. फोटो नंतर.

जमीन कोणाची, हाही प्रश्न असतो. ग्रेट स्मोकी माउंटन्समधल्या कॅम्पग्राउंडात झाडी आणि अस्वलं भरपूर, पण साइटवर विजेचा खांब नाही. नॅचेझ ट्रेस हा 444 मैलांचा रस्ता. त्यावरची तीन कॅम्पग्राउंड्स फुकट, आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा. पण वीज नाही आणि अंघोळीची सोयही नाही. तंबूवाल्यांना स्वर्ग, माझ्या सत्तरीच्या वडिलांना शिक्षा. अशा वेळी आम्ही कोअरकडे वळतो. लष्कराच्या इंजिनिअरांचं हे खातं धरणं बांधतं, नद्यांतून बोटी चालत्या ठेवतं आणि जोडीला जलाशयांच्या काठी कॅम्पग्राउंड्स चालवतं. साइट्स ऐसपैस, वीजपाणी पक्कं, डामडौल शून्य. सरकारी डाकबंगल्याची आठवण यावी असं सगळं. बाबा बघताक्षणी खूश.

या वेळची जागा पिकन्स काउंटीत, टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्गाच्या काठी होती. 234 मैलांचा हा जलमार्ग टेनेसी नदीला टॉम्बिग्बीशी जोडतो आणि बोटी थेट मोबाइल बंदरापर्यंत नेतो. तो 1985 मध्ये खुला झाला. माती किती उपसली, दरवाजे किती, गाळ कोण काढतो, हे बाबांनी येता येता गाडीतच विचारून घेतलं आणि उत्तरं आली नाहीत म्हणून माझ्या शिक्षणाबद्दल खंत व्यक्त केली.

आरक्षण सहा महिने आधी उघडतं, आमच्याकडच्या सकाळी 9 वाजता. चांगल्या साइट्स कशा जातात हे गणपतीत कोकणच्या गाडीचं तिकीट काढायला बसलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बासष्टीपुढच्यांना सरकारी पासवर अर्धे पैसे पडतात, पण तो पास नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना मिळतो, व्हिसावर आलेल्या बाबांना नाही. हा अन्याय त्यांनी फार मनावर घेतला नाही. 27 नंबर मात्र घेतला.

"बदलून मिळते का बघ." मिळते, गुरुवारी आलं तर. म्हणूनच आम्ही गुरुवारी येतो. गेटवरच्या बाईंनी रिकाम्या जागांवर पेनाने गोल करून नकाशा दिला आणि आम्ही ट्रेलर बाजूला लावून पायी फेरी मारायला निघालो.

ही फेरी म्हणजेच खरी निवड. रस्ता गोल आणि एकदिशा असतो, त्याला लूप म्हणतात, आणि ट्रेलर साइटवर मागे घालायचा असतो. जागा चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूला आली तर खिडकीतून मान काढून ट्रेलरचं शेपूट दिसतं. उजवीकडे आली तर आरशावर भरवसा. मग खांब. विजेची तार, पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचं तोंड, सगळं ट्रेलरच्या डाव्या अंगाला असतं. खांब उजवीकडे असला की तार ट्रेलरखालून ओढावी लागते आणि नेमकी दारापुढे पायात येते. 34 नंबर एवढ्यासाठी गेली.

29 वर मी जवळजवळ हो म्हणाले होते. बाबा वर बघत होते. तिथला पाइन शेंड्याकडे तांबूस पडला होता आणि सालीवर लाह्यांएवढे डिंकाचे पांढुरके गोळे फुटले होते. साल पोखरणारे भुंगे लागले की झाड असा चीक सोडतं. झाड उभं दिसतं, पण असल्या झाडाखाली झोपायचं नाही, हे मला इथल्या एका वनरक्षकाने शिकवलं होतं. बाबांना कुणी शिकवायची गरज पडली नाही. "वठलंय," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तंबूचं गणित पायाशी असतं. उघड्यावर, उन्हात, हिरवळीवर तंबू छान दिसतो, पण फायर अँटना तेच आवडतं. या लाल मुंग्या दक्षिण अमेरिकेतून जहाजाने मोबाइल बंदरात उतरल्या आणि 1930 च्या दशकापासून सगळ्या दक्षिणेत पसरल्या. त्यांचं वारूळ म्हणजे भुसभुशीत मातीचा लहानसा ढीग. पायाने नुसता हलवला तरी माती उकळल्यासारखी होते. चावलेल्या जागी दुसऱ्या दिवशी पू भरल्यासारखा फोड येतो. म्हणून सावलीत जावं, तर गवताच्या कडेला गोचिडी आणि चिगर. चिगर डोळ्यांना दिसत नाही, खाज आठवडाभर दिसते. तेव्हा सावली हवी पण गवत उंच नको. झाड हवं पण फांदी डोक्यावर नको.

उरली 31. पाणी दिसत नव्हतं. फोटोत हिच्याकडे मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. जमीन किंचित उंचावर, खांब डावीकडे, झाडं जिवंत, आणि बाथहाऊसपासून तिसरी. हे "तिसरी" महत्त्वाचं. बाबा रात्रीत दोनदा उठतात आणि ट्रेलरमधल्या तेवढ्याशा संडासात त्यांचे गुडघे मावत नाहीत. अगदी शेजारची साइट घेतली तर रात्रभर दार आपटतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या टॉर्चचा झोत अंगावर येतो. लांबची घेतली तर अंधारात मुळांना ठेच.

नवऱ्याने ट्रेलर तिसऱ्या प्रयत्नात आत घातला. बाबांनी पिशवीतून पाणसळ काढली. खरंच, कराडहून आणलेली गवंड्याची पाणसळ. त्यांनी ती दारातल्या पायरीवर ठेवली, बुडबुडा पळाला, आणि डाव्या चाकाखाली दोन ठोकळे गेले. आमचा फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवर चालतो आणि ट्रेलर कलला की नीट थंड करत नाही, हे मी त्यांना सांगायच्या आत ठोकळे लागले होते.

संध्याकाळी चहासाठी बाबांनी विजेची किटली लावली. एसी चालू होता, मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम होत होती. खटका पडला. 30 अँपिअरच्या खांबावर 3,600 वॅट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि किटली या तिघांचं त्यात भागत नाही. 50 अँपिअरची साइट घेऊन उपयोग नव्हता, आमच्या ट्रेलरची तारच तेवढी. चहा गॅसवर झाला. आणि निघायच्या दिवशी संडासाची काळी टाकी रिकामी करायची असते, आधी काळी मग राखाडी, म्हणजे भांड्यांच्या पाण्याने पाइप धुतला जातो. या विषयावर आमच्या आत्याला, तिच्या सोवळ्याचा मान राखून, अजून काही सांगितलेलं नाही.

एक गोष्ट नकाशावर नसते: रात्री तीनला शेजारी कोण असणार. सुरुवातीला मी सरकारी पार्कच धरून बसायचे, ते स्वस्त म्हणून नव्हे. गावाकडच्या रस्त्यांवर कॉन्फेडरेट झेंडे दिसतात आणि आमची कातडी सावळी. इथला इतिहासही फार जुना नाही. 1950 मध्ये जॉर्जियाने अॅलाटूना तलावाच्या काठी कृष्णवर्णीयांसाठी वेगळं स्टेट पार्क काढलं, कारण बाकीची त्यांच्यासाठी बंद होती. आता मला तशी भीती वाटत नाही, पण गेटवर चोवीस तास कुणी आहे का, हे मी अजूनही बघते. गेट आहे म्हणून निर्धास्त झोपणं आणि गेट हवं वाटणं, दोन्ही खरं.

फ्रिजवर मी एक कागद चिकटवते. त्यावर काउंटीचं नाव मोठ्या अक्षरात. हवामान रेडिओवर इशारे काउंटीच्या नावाने येतात. आपण कुठल्या काउंटीत झोपलोय हे परक्या माणसाला माहीत नसतं. त्याखाली पश्चिमेकडच्या काउंट्या लिहिते, कारण वादळं बहुतेक तिकडूनच येतात. या वेळी: पिकन्स, नॉक्सुबी आणि लाउंड्स, मिसिसिपी. 27 एप्रिल 2011 ला एका दिवसात अलाबामात 62 टोर्नेडो उतरले. लेक गंटर्सव्हिलचं आमचं आवडतं कॅम्पग्राउंड त्यात पार मोडलं. आणि जून 2010 मध्ये आर्कन्सॉतल्या अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडला रात्री लिटल मिसुरी नदी काही तासांत वीस फूट चढली आणि झोपेतली 20 माणसं गेली. तीही जागा पाण्याकाठची होती, दिसायला सुंदर. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नदीचं पात्र नदीचं असतं."

शुक्रवारी 27 वर एक जोडपं आलं, दोन लहान मुलं, नवाकोरा तंबू. बाबांनी मला त्यांच्याकडे पिटाळलं. मी सांगितलं, रेघही दाखवली. तो माणूस छान हसला, आभार मानले आणि हाताने समोरचं पाणी दाखवलं. खरंच होतं ते. संध्याकाळचे पाच वाजले होते.

रात्री पावणेतीनला रेडिओ किंचाळला. नॉक्सुबी. टोर्नेडो नव्हता, पण वाऱ्याचा इशारा होता, आणि ट्रेलर काय, तंबू काय, वाऱ्याला सारखेच. मुलींना उठवलं, बाबांना शाल दिली आणि सगळे बाथहाऊसमध्ये. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती, ट्यूबलाइट, फिनाइलचा वास. पाऊणेक तास तिथे वीसेक माणसं भिंतीला टेकून बसली होती. कुणाचा कुत्रा थरथरत होता. एका आजोबांच्या टोपीवर तोच झेंडा होता. त्यांनी बाबांना बसायला उलटी बादली सरकवली आणि बाबा बसले. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की कुणालाच काही बोलता येत नव्हतं. मग 27 वाले आले, गुडघ्यापर्यंत चिखल, मुलं कडेवर.

सकाळी आमच्या तंबूखालची माती ओलसर होती, एवढंच. 27 वर पाइनच्या सुयांची नवी रेघ उमटली होती, जुनीच्या अंगावरून, आणि तंबूचा चौकोन तिच्या पोटात. तो माणूस ताडपत्री पिळायला बघत होता. बाबा गेले, दुसरं टोक धरलं, आणि दोघे शब्दही न बोलता उलट्या दिशांना पीळ देत उभे राहिले. मग बाबांनी हाताने दाखवून त्याच्या खुंट्या वरच्या अंगाला हलवायला लावल्या.

आमच्या ट्रेलरमध्ये साइट्सची एक वही आहे. निघताना बाबांनी ती मागून घेतली, चष्मा लावला आणि खात्यातल्या अक्षरात लिहिलं: "27 – बघायला बरी. 31 – घेणे. 29 चा पाइन पुढच्या खेपेस उभा आहे का पाहणे. किटली आणू नये."