फडावरचीं पावलें कोण बसवितो?



पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मीना नदीच्या कांठीं नारायणगांव हें मोठें गांव आहे. जुन्नर तालुक्यांतील बाजारपेठ म्हणून तें प्रसिद्ध आहेच. परंतु महाराष्ट्रांतील तमासगीर त्याला आपली पंढरी मानतात. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें निरनिराळ्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नांवाची पाटी असते आणि आंत तारखांची वही घेऊन कोणी जाणता माणूस बसलेला असतो. दूरदूरच्या गांवांचे पंच येतात, आपल्या जत्रेची तारीख सांगतात, रकमेची घासाघीस होते आणि सुपारी ठरते. सोंगाड्या कोण, नाचणाऱ्या किती, वग कोणता, हे प्रश्न पंच बारकाईनें विचारतात. एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाहीं : फडाचा नाच बसविला कोणी? आज आपल्याला त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पाश्चात्य देशांत लोकप्रिय गायकांचे जे प्रचंड जलसे होतात, त्यांच्यासाठीं हें काम दोन निराळ्या माणसांकडे सोंपविलेलें असतें. एक नृत्यरचनाकार, पाऊल केव्हां पडावें, हात कोठें जावा, रांग केव्हां मोडावी, हें तो ठरवितो. दुसरा सर्जक दिग्दर्शक. गाण्यांचा क्रम, प्रकाश, वेषभूषा आणि प्रेक्षकाच्या मनाची चढउतार यांची जुळणी त्याच्याकडे असते. मायकेल जॅक्सन यांच्या १९८३ सालच्या ‘थ्रिलर’ या चित्रफितींतील नाच जगभर गाजला. त्याच्या रचनेंत मायकेल पीटर्स या नृत्यरचनाकाराचा मोठा वांटा होता आणि तो त्यांच्या नांवानिशीं नोंदला गेला. आपल्याकडे १९८८ सालच्या ‘तेजाब’ चित्रपटांत ‘एक दो तीन’ या गाण्यावर माधुरी दीक्षित नाचल्या. पण तीं पावलें सरोज खान यांनीं बसविलेलीं होतीं, हेंही लोकांना ठाऊक झालें.

तमाशाच्या फडांतही हीं दोन्ही कामें होतात. फरक इतकाच कीं, तीं करणाऱ्याला निराळें नांव नसतें. फडाचा मालक, सरदार किंवा मुख्य नाचणारी स्त्री हीच नृत्यरचनाकार आणि हीच दिग्दर्शक. काम काय असतें, तें थोडें उलगडून पाहूं.

तमाशाचा क्रम ठरलेला असतो. प्रारंभीं गणांत गणपतीला वंदन. मग कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गौळणी यांची गौळण. पुढें बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि अखेरीस वग. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणें आणि झांज. आतां यांतील प्रत्येक भागाची गति निराळी आहे. गणांत पावलें संथ आणि समोर. गौळणींत थट्टामस्करीचीं, आडवीं. रंगबाजींत ढोलकीच्या बोलाला घुंगरांनीं दिलेलें उत्तर. ढोलकीवाला तोडा वाजवून थांबला, कीं त्याच क्षणीं नाचणारीचें पाऊल समेवर आलें पाहिजे. हा मेळ आपोआप जमत नाहीं. त्यासाठीं तालीम लागते आणि तालीम घेणारा लागतो.

बैठकीच्या लावणींत प्रेक्षक हातभर अंतरावर असतात. तेथें गायिका बसल्या जागीं भुंवई उचलते आणि तेवढ्यानें अर्थ पोंचतो. फडाचा प्रेक्षक मात्र उघड्या माळावर, हजारोंच्या संख्येनें, दूरवर पसरलेला असतो. शेवटच्या रांगेतील शेतकऱ्याला भुंवई दिसत नाहीं. म्हणून डोळ्याची अदा खांद्यावर आणावी लागते, मनगटाची मुरड सगळ्या बाहूंत खेळवावी लागते आणि एकटीचा नाच पांचसहा जणींच्या रांगेंत वांटून द्यावा लागतो. लहान जागेंतील कला मोठ्या मैदानाला पुरवावी कशी, हा प्रश्न परदेशांतील त्या सर्जक दिग्दर्शकापुढें असतो, तोच आपल्या फडकऱ्यांपुढेंही असतो.

हें सर्व ज्यांच्या आयुष्यांत एकवटलें, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर. त्यांचा जन्म १९३५ सालीं पंढरपुरीं झाला. आजोबा नारायण खुडे यांनीं फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनीं तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगांवकर’ या नांवानें गाजविला. विठाबाईंचें मन शाळेंत रमलें नाहीं. लावणी, गौळण, भेदिक हेंच त्यांचें शिक्षण, आणि लहान वयांतच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. नांवापुढें गांव लावण्याची या लोकांची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. शेजारच्या आंबेगांव तालुक्यांतील अवसरीचें नांव वसंत अवसरीकर यांनीं असेंच फडाफडांतून नेलें. घराण्याला गुरुकुल नव्हतें. गांवाचें नांव हीच ओळख आणि आईबापांचा फड हीच शाळा. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे याही याच शाळेंतून तयार झाल्या आणि पुढें स्वतःच्या फडाच्या मालकीण झाल्या.

विठाबाईंविषयीं एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असतांना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, तशा त्या पडद्याआड गेल्या, तेथेंच प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां प्रेक्षकांसमोर यावयास निघाल्या. खरा प्रकार कळल्यावर लोकांनींच हात जोडून खेळ थांबविला, असें सांगतात. ही गोष्ट आपण शौर्यकथा म्हणून ऐकतों आणि ‘धन्य ती बाई’ म्हणून मोकळे होतों. परंतु तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या रात्रीं त्यांच्या जागीं दुसरी कोण उभी राहणार होती? गाणारी तीच, नाचणारी तीच, खेळ तोलून धरणारीही तीच. सुपारी घेतलेली, खेळ मोडला तर सगळ्या फडाच्या पोटाचा प्रश्न. जेथें सर्व कामें एका देहांत गोळा झालेलीं असतात, तेथें त्या देहाला विसांवा मिळत नाहीं.

१९५७ आणि १९९० अशा दोन सालीं विठाबाईंचा राष्ट्रपतिपदकानें गौरव झाला. तरीही त्यांचे अखेरचे दिवस हलाखींत गेले. १५ जानेवारी २००२ रोजीं त्या निवर्तल्या, तेव्हां रुग्णालयाचें देणें भागविण्यासाठीं दात्यांना पुढें यावें लागलें. २००६ सालीं महाराष्ट्र शासनानें त्यांच्या नांवें जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पदकें होतीं, लोकांचें प्रेम होतें. मग म्हातारपणीं आधार कां नव्हता? याचीं कारणें अनेक आहेत. जातीमुळें आलेला तिरस्कार आहे, हंगामी उत्पन्नाची अनिश्चितता आहे. परंतु एक कारण आजच्या विषयाशीं जोडलेलें आहे.

योगायोग असा कीं, विठाबाईंना पहिलें पदक मिळालें त्याच १९५७ सालीं आपल्या देशाचा स्वामित्वहक्काचा कायदा झाला. त्या कायद्यानें नृत्यरचना ही नाट्यकृतींत धरली आहे. तिच्या कर्त्याला हक्क दिला आहे. मात्र अट अशी कीं, ती रचना लेखनानें वा अन्य मार्गानें स्थिर केलेली असावी. फडावरचा नाच कोठें लिहिलेला असतो? तो आईच्या पायांतून मुलीच्या पायांत जातो. म्हणून कवीची लावणी छापली गेली, तर तिला धनी असतो. त्याच लावणीवर बसविलेल्या पावलांना धनी नसतो. तें पाऊल कोणीही उचलावें, आणि उचलणाऱ्यानें मूळ मालकिणीचें नांवही घेऊं नये.

आतां तर चक्र उलट फिरलें आहे. २०१० सालच्या ‘नटरंग’ चित्रपटांतील ‘अप्सरा आली’ हें गाणें घ्या. त्याची नृत्यरचना फुलवा खामकर यांची; त्यांचें नांव चित्रपटाबरोबर नोंदलें गेलें, आणि तें योग्यच झालें. पण लावणीचा जो ठसका चित्रपटानें उचलला, तो ज्या अनाम बायकांनीं पिढ्यान् पिढ्या घडविला, त्यांची नोंद कोठेंच नाहीं. आणि आज जत्रेंतील प्रेक्षक फडाकडेच चित्रपटांतील गाण्यांची मागणी करतात. ज्या घरून वाण गेलें, त्याच घरीं तें परक्याचें म्हणून परत आलें.

फडावर नाच बसविणाऱ्याचें काम दिवसेंदिवस अवघडच होत आहे. पूर्वीं खेळ पहांटेपर्यंत चाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंधन आलें. कांहीं दिवसांपुरती सवलत मिळते ती निराळी. त्यामुळें गणापासून वगापर्यंतचा पसारा दोनतीन तासांत बसवावा लागतो. काय कापावें? गण कापला तर शास्त्र मोडतें, रंगबाजी कापली तर तरुण मंडळी उठतात. मग कात्री लागते ती वगाला. पुढें २०२० आणि २०२१ या दोन सालीं महामारीमुळें जत्राच भरल्या नाहींत, आणि फडांचे हंगाम हातचे गेले. अशा वेळीं नवी मुलगी फडांत येऊन नाच शिकेल, ही अपेक्षा तरी कोणाच्या भरंवशावर करावी?

यावर उपाय फार मोठे नाहींत. फडांतील जुन्या जाणत्या स्त्रियांनीं बसविलेले नाच चित्रफितींवर नोंदवून ठेवतां येतील, आणि त्या नोंदीवर बसविणारीचें नांव घालतां येईल. एवढ्यानेंही कायद्याची अट पुरी होण्याची वाट मोकळी होते. नारायणगांवच्या राहुट्यांवरील पाटीवर मालकाच्या आणि सोंगाड्याच्या नांवाखालीं आणखी एका ओळीला जागा निघूं शकेल.

आपण शहरांत राहणारे लोक वर्षांतून एकदां गांवच्या जत्रेला जातों. रात्रीं तमाशा पाहतों, सकाळीं हजेरीचा खेळही पाहतों, आणि नाचणारीला दाद देऊन परततों. यापुढें जाल, तेव्हां खेळ संपल्यावर क्षणभर थांबा आणि फडांतील कोणाही माणसाला विचारा कीं, हा नाच कोणी बसविला? बहुधा तो कनातीजवळ चहा घेत बसलेल्या एखाद्या वयस्क बाईकडे बोट दाखवील. तिला तिचें नांव विचारा, आणि घरीं आल्यावर तें विसरूं नका.