फुकटचा खेळ, खरे पैसे

मुलांनो, मोबाईलवर काही खेळ फुकट मिळतात. बटण दाबले, की चित्रांची चाके फिरतात. सारखी चित्रे जुळली, की नाणी मिळतात. ही नाणी खोटी असतात. त्यांनी साधी पेन्सिलही विकत घेता येत नाही. मग धोका कसला?

नाणी संपली, की खेळ अडतो आणि लगेच पाटी येते : 'आणखी नाणी विकत घ्या.' तेथे मात्र खरे पैसे लागतात. शिवाय चाक कोठे थांबेल, हे खेळणाऱ्याच्या हातात नसते. 'आता जिंकू, मग जिंकू' असे म्हणता म्हणता जुगाराची गोडी लागते.

म्हणूनच ऑस्ट्रेलियात २२ सप्टेंबर २०२४ पासून जुगाराची नक्कल करणाऱ्या नव्या खेळांना १८ वर्षांची अट घातली आहे. आपल्याकडे प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाच्या माहितीत वयाचा आकडा असतो : ३, ७, १२, १६ किंवा १८. खेळ घेण्यापूर्वी तो वाचा. आपले वय कमी असेल, तर खेळ घेऊ नका. धाकट्या भावंडांसाठी अम्मी-अब्बांना मोबाईलवर पिन लावायला सांगा.

आणि चुकून पैसे गेलेच, तर लपवू नका. त्याच दिवशी घरी सांगा.